लसीच्या बर्फात मीठ

वर्धा जिल्ह्याच्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षं सायकलच्या कॅरियरवर हिवाळा बांधून फिरलो. वैशाखात समुद्रपूरच्या रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवायचं, कावळे चोच उघडी टाकून बाभळीत बसायचे, आणि माझ्या पाठीमागे पेटीत बर्फ खुळखुळत असायचा. लोक म्हणायचे, सदाशिव आरोग्य केंद्रात शिपाई आहे. मी म्हणायचो, शिपाई कचेरीत असतो, मी लस नेणारा माणूस आहे. डॉक्टर रजेवर गेले तरी केंद्र चालायचं. मी रजेवर गेलो की लस फ्रिजात आणि गाव आपल्या जागी. हे मी तेव्हाही सगळ्यांना ऐकवायचो आणि आज बोरगाव मेघेच्या चहाटपरीवरही ऐकवतो. आता छापून येतंय म्हणजे तो वाद मिटला.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण हा मजकूर माझ्या हातानं लिहिला आहे. ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्यांनी पाहून घ्यावं, वाक्य मात्र एकही हलवू नये. आमचं केंद्र समुद्रपूर तालुक्यात होतं, इतकंच सांगतो. नाव सांगत नाही. कारण या गोष्टीत जी चूक आहे ती केंद्राची नाही, पुरी माझी एकट्याची आहे, आणि तिच्यात मी कोणाला वाटेकरी करून घेणार नाही.

या कामाच्या आधी मी मटका कुल्फी विकायचो. लाल फडकं गुंडाळलेला मटका, हातात घंटी, आज हा बाजार तर उद्या तो. मटक्यात टिनाचे साचे, साच्यांच्या झाकणाला कणकेचा लेप आणि भोवती फोडलेला बर्फ. पण नुसत्या बर्फानं कुल्फी जमत नाही. बर्फात मूठभर खडे मीठ टाकावं लागतं. मीठ पडलं की बर्फाला असा चेव येतो की साच्यातलं दूध दगड होतं. असं काऊन होतं ते मला माहीत नव्हतं, माझ्या बापालाही नव्हतं. होतं, एवढं पक्कं माहीत होतं.

केंद्राचे डॉक्टर तेव्हा नवे होते, चष्मेवाले, शहरातून आलेले. भर मे महिन्यात दुपारी तीन वाजता ते माझी कुल्फी खात उभे होते आणि कुल्फी काडीवर ताठ. सकाळी निघालेला माल दुपारी इतका टणक कसा, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, ते आपलं गुपित हाये साहेब. त्यांनी पुढे खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर मला आज लिहायला काहीच नसतं. उलट ते म्हणाले, माझ्याकडे लस आहे, ती उन्हात मरते, तू तिला जगवशील का. अशी मला नोकरी लागली, आधी रोजंदारीची, मग कायमची. मटका घरी पालथा घातला.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लस ही दुधासारखी वस्तू आहे. कारखान्यातून निघाली तेव्हापासून लेकराच्या अंगात जाईपर्यंत तिला थंडाव्यात राहावं लागतं. मधे कुठे एक दुपार उन्हात पडली की तिचा जीव गेला. दूध नासलं तर फाटतं, वास मारतं. लस नासली तर पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. बाटली तीच, चिठ्ठी तीच, सुई तशीच टोचते, पोरगं तसंच बोंबलतं. फक्त उपयोग काही नाही. म्हणून हिंगणघाटहून एसटीच्या टपावर पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी यायची, ती मी फोडायचो, पेटीत रचायचो, बाटल्या मांडायचो आणि पायडल मारायचो.

बाटल्या तीन जातींच्या. पोलिओचे थेंब तोंडात टाकायचे. त्रिगुणी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांवर एकच सुई, ती लहान लेकरांना. आणि तिसरी नुसत्या धनुर्वाताची, ती पोटुशी बाईला दोनदा, महिन्याच्या अंतरानं. आईला टोचली की तिच्या अंगातून बाळाला बळ मिळतं. हे शेवटचं पटवून देणं सगळ्यात कठीण. सुई टोचायची एकीला आणि फायदा त्याला, जो अजून जन्मलाच नाही. असा सौदा कोण करते?

माझी जुनी ओळख मला भलती नडायची. गावात शिरलो की पोट्टे 'कुल्फीवाला आला' करत धावत यायचे आणि पेटीभोवती कडं करायचे. मग मागून पांढऱ्या साडीतल्या मेश्रामबाई दिसायच्या. त्या आमच्या नर्सबाई. त्यांना पाहिलं की पोट्टे आले त्याच्या दुप्पट जोरात उलटे पळायचे. बाई म्हणायच्या, भाऊ, आपन दोघं मिळून गावाची कवायत घेऊन राह्यलो.

एका घरी वेचलेल्या कापसाचा ओसरीत छातीइतका ढीग होता. घरची बाई म्हणाली, लेकरू नाई जी, मामाच्या गावाले गेलं. तेवढ्यात ढिगाला शिंक आली. मग कापसातून पांढऱ्या दाढीमिशांचा तीन वर्षांचा म्हातारा बाहेर निघाला आणि आम्हाला पाहून परत आत गेला. त्याला पकडायला मी ढिगात घुसलो, बाई हसून हसून उंबरठ्यावर बसल्या, आणि शेवटी त्याच्या आईनंच त्याचा पाय धरून ओढला. दुसऱ्या एका गावी एक जण बैल घेऊन रांगेत उभा राहिला. ही माणसांची लस आहे असं सांगितलं तर म्हणे, एवढी मोठी पेटी आणली, तिच्यात एक सुई बैलाची नाई बसली काय. त्यात नसबंदीच्या गडबडीला चार-पाच वर्षंच झाली होती. सरकारी पेटी दिसली की धडधाकट गडी शेताच्या धुऱ्याआड व्हायचे आणि आम्ही पार पुढे गेलो की डोकी वर काढायचे.

आता माझंही एक सांगून टाकतो, कारण ते पुढे लागणार आहे. मला सुईची भीती होती. सुईचं टोक पाहिलं की माझ्या गुडघ्याचं पाणी व्हायचं. लहानपणी देवी टोचणारे आले तेव्हा मी विहिरीच्या पायऱ्यांवर दिवसभर बसून काढला होता. मेश्रामबाई स्टोव्हवर सुया उकळायला ठेवायच्या तेव्हा मी सायकलची हवा पाहायला निघून जायचो. जिल्ह्यात माझ्याइतकी कडक हवा कोणाच्याच सायकलीत नव्हती.

आमच्या हद्दीत खैरझरी नावाचं गाव होतं. तिथं कोणी पळायचं नाही आणि लपायचं नाही. तिथं बसल्या जागी नाही म्हणायचे, आणि ते जास्त वाईट. कारण तिथं अंजनाबुडी होती, बुडी म्हणजे आमच्याकडे म्हातारी. नाल्याकाठी तिचं वांग्यांचं आणि सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, वावर, आणि गावची सुईणही तीच. अर्ध्या खैरझरीला तिनं पहिली आंघोळ घातलेली. ती हो म्हणाली तर गाव हो, ती नाही म्हणाली तर आम्ही केंद्रात परत.

पहिल्याच फेरीत तिनं मला पारावर गाठलं.

"तुह्या पेटीत काय हाये गा?"

"लस हाये, माय."

"तू घेतली?"

मी म्हणालो, ही लेकरांची आणि पोटुशा बायांची आहे, गड्यांची नाही. हे अर्धं खरं होतं. बुडीनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि उठून वावराकडे गेली. तिच्या मागे सगळ्या बाया गेल्या. त्यानंतर आम्ही तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो.

पण मेश्रामबाईंना आतली गोष्ट कळली होती. बुडीची सून वच्छला. आदल्या वर्षी तिला मुलगा झाला, बाळंतपण बुडीनंच केलं. सात दिवस लेकरू गोड होतं. आठव्या दिवशी जबडा धरला. दूध ओढेना, रडू फुटेना, अंग धनुष्यासारखं वाकलं, आणि गेलं. आम्ही त्याला धनुर्वात म्हणतो. गाव त्याला बाहेरची हवा म्हणत होतं. बुडी काहीच म्हणत नव्हती. फक्त त्या दिवसापासून ती दुसऱ्या कोणाच्या बाळंतपणाला गेली नव्हती. आणि आता वच्छलेला पुन्हा दिवस गेले होते.

हे ऐकल्यावर मी हट्टाला पेटलो. समुद्रपूरच्या बाजारात बुडी वांगी घेऊन बसायची, तिथं जाऊन मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. पेटी नाही, बाई नाही, नुसता मी. तिनं आधी दोन गिऱ्हाइकं केली. मग म्हणाली, "तुह्यी कुल्फी तीन वर्षं खाल्ली म्या. एकदाई पोट नाई बिघडलं. नर्सबाईले म्या वळखत नाई, सरकारले तं नाईच नाई. तू सांग. माल चांगला हाये?"

"माय, माल माह्या जबाबदारीचा."

"मंग येजो," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत न मागता वांगी टाकली.

माझा आनंद काय सांगू. त्या दिवशी मी सायकल हातात धरून चाललो, कारण बसलो असतो तर उडालो असतो.

खैरझरीचा दिवस ठरला तो नेमका वैशाखातला सगळ्यात तापलेला. केंद्रापासून गाव लांब, रस्त्यात सावलीचं झाड नाही. सकाळी पेटी भरताना मला वाटलं, आज बर्फ टिकला नाही तर माझी जबान गेली. आणि माझ्या डोक्यात मटका आला. पोलिओची बाटली गोठलेली दिसली की डॉक्टर खूश व्हायचे, हे मी पाहिलं होतं. म्हणजे लसीला थंडी प्यारी. मग थोडी कमी कशाला द्यायची? मी केंद्रातल्या स्वयंपाक्याच्या डब्यातून खडे मीठ घेतलं आणि दोन मुठी बर्फात टाकलं. कुल्फीवाल्याशिवाय हे कोणाला सुचलं नसतं, असा विचार करून मी स्वतःची पाठ थोपटली. हा विचार तर बरोबरच होता.

खैरझरीत पेटी उघडली तर बाटल्या दगड. पोलिओ दगड, त्रिगुणी दगड, धनुर्वाताचीही दगड. एवढ्या उन्हात असा माल कोणी नेला असेल? बाई सुया उकळत होत्या तोवर मी एकेक बाटली काखेत धरून पातळ केली आणि त्यांच्या हातात दिली, म्हणजे काम अडायला नको. कोणाला काही सांगितलं नाही. गुपित ते गुपितच.

त्या दिवशी खैरझरीत जत्रा भरली. बुडी पुढे उभी राहून नावं पुकारत होती. एकेक लेकरू येत होतं, बोंबलत होतं, गूळ-फुटाणे घेऊन जात होतं. बुडीनं वच्छलेला हाताला धरून आणलं आणि दंड पुढे केला. सुई टोचली तेव्हा वच्छलेनं डोळे मिटले, आणि बुडी मात्र डोळे फाडून सुईकडे पाहत राहिली. मी सायकलची हवा पाहायला गेलो होतो, पण एवढं मला मडगार्डाआडून दिसलं. परत येताना मी गाणं म्हणत होतो आणि मेश्रामबाईंनी मला एकदाही गप्प बसवलं नाही.

तीन आठवडे मी हवेत होतो. मग वर्ध्याला आम्हा सगळ्यांचं शिक्षण ठेवलं. मोठा हॉल, पंखे, चहा. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी टेबलावर त्रिगुणीच्या दोन बाटल्या ठेवल्या. एक नीट राखलेली, दुसरी आधी गोठवून मग पातळ केलेली. दोन्ही हलवल्या, दोन्ही गढूळ दुधासारख्या दिसल्या. मग म्हणाले, आता थांबा. आम्ही चहा घेतला. परत येऊन पाहतो तर पहिली होती तशी, आणि दुसरीत खाली चुन्यासारखा गाळ, वर नितळ पाणी. साहेब म्हणाले, पोलिओ गोठला तर चालतो. त्रिगुणी आणि धनुर्वाताची लस गोठली की मेली. टोचली काय आणि न टोचली काय.

मी उभा राहिलो. भांडायलाच उठलो होतो. म्हणालो, साहेब, थंडीसाठीच तं आमी मरमर करतो, मंग जास्त थंडीनं वाईट कसं होईन? साहेबांनी शांतपणे विचारलं, तुमच्याकडे तुरीला थंडी लागते की नाही? मी म्हणालो, लागते. जास्त गारठा पडला तर फुलोऱ्याचं काय होतं? मी म्हणालो, जळते. आणि खाली बसलो. हॉलमध्ये सगळे हसले. मला मात्र समोर फक्त वच्छलेचा दंड दिसत होता.

परतीच्या एसटीत मी मेश्रामबाईंना सगळं सांगितलं. मीठ, काख, सगळं. बाई म्हणाल्या, "भाऊ, टोचली म्या. हलवून पाह्यली पायजे होती." मी म्हणालो, बाई, चूक माही हाये, तिच्यात हिस्सा मागू नका.

डॉक्टर माणूस चांगला होता. रागावले नाहीत, डोकं धरून बसले. मग म्हणाले, हे गावात सांगितलंस तर खैरझरी गेली, आणि बाजाराच्या दिवशी बातमी पूर्ण तालुक्यात जाईल. त्यापेक्षा गपचूप एक सुई जास्त देऊ. सांगू, यंदापासून एक वाढली आहे. कोणाचं काही बिघडणार नाही.

त्यांचं चुकीचं होतं असं मी आजही म्हणत नाही. पण बुडी बोटावर मोजणारी बाई होती. दोन सुया असं मी तिला सांगितलं होतं. तिसरी काऊन, असं ती विचारणार, मी खोटं बोलणार, ती माझ्या गुडघ्यांकडे पाहणार, आणि वच्छलेला घेऊन वावरात जाणार. वच्छलेला सहावा महिना सरत होता. दोन चांगल्या सुया महिन्याच्या अंतरानं बसायला अजून वेळ होता, पण वाया घालवायला नव्हता. आणि खरं सांगू का, हा हिशोब मी नंतर जुळवला. आधी मला एवढंच वाटलं, की बाजारात माझी कुल्फी आंबट निघाली असती तर मी गिऱ्हाइकाला बोलावून सांगितलं असतं. मी डॉक्टरांना म्हणालो, साहेब, उद्या मी जातो. नोकरीवरून काढायचं तर परवा काढा.

बुडी पाटाच्या पाण्यात मेथी धूत होती. मी सायकल आडवी टाकली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"इख होतं काय त्यात?"

"नाई माय. पानीच होतं म्हन. वाईट काईच नाई. चांगलंही काईच नाई."

"म्हंजे माह्या सुनेले काईच भेटलं नाई."

"नाई."

तिनं जुडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. मग विचारलं, "तू सांगतलं नसतं, तं मले समजलं असतं?"

मी म्हणालो, नाही.

"समजलं असतं गा," बुडी म्हणाली. "आठव्या दिवशी समजलं असतं."

पाटाचं पाणी वाहत होतं आणि मेथीची पानं माझ्या पायाशी गोळा होत होती. एवढ्यात बुडीनं विचारलं, मीठ किती टाकलं. मी म्हणालो, दोन मुठी. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. खांदे हलत होते. मग पदराआडून आवाज आला, "माह्या सुनेची कुल्फी केली तू, भोकन्या," आणि ती अशी हसायला लागली की नाल्यापलीकडचे वखरवाले थांबून पाहू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी, पाण्यातून पुन्हा हसू. मीही हसलो. हसू नये अशी वेळ होती, पण हसलो.

मग तिनं डोळे पुसले आणि अट घातली. पारावर यायचं. सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि नवी सुई आधी स्वतः घ्यायची. मी म्हणालो, माय, सांगतो, पाहिजे तितक्यांदा सांगतो, पण ती दुसरी गोष्ट. ती म्हणाली, तीच गोष्ट.

डॉक्टरांना विचारलं. धनुर्वाताची सुई गड्यांनाही चालते, उलट सायकलवरून पडणाऱ्यांना फायद्याची, असं त्यांनी आनंदानं सांगितलं. मला नोकरीवरून काढलं नाही, पण सुई स्वतः टोचायला येतो म्हणाले. मी नको म्हणालो.

चार दिवसांनी आम्ही पारावर. या वेळी मीठ नाही, आणि बाटल्या कागदात गुंडाळून बर्फापासून दूर. मी उभा राहून सांगितलं. गाव ऐकत होतं. एका गड्यानं बरोबर विचारलं, आता आनलेली मेलेली नाई कशावरून? मी पेटीतून बाटली काढली, सगळ्यांसमोर हलवली, पाराच्या कडेवर ठेवली आणि म्हणालो, पाहत बसा. गाळ बसला तं मले नाल्यात फेका.

मग खैरझरी बाटली पाहत बसली. माणसं, बाया, पोट्टे, दोन बकऱ्या. एक जण कुजबुजला, बसून राह्यला पाहा खाली. लगेच चार जण पुढे वाकले. बुडी म्हणाली, तुह्या डोयात बसून राह्यला, मांगं सरक. कोणी चहा केला. मी बाटलीकडे पाहत नव्हतो, कारण मला मागे स्टोव्हवर उकळणारी सुई ऐकू येत होती. अर्धा तास झाला. बाटली तशीच, दुधासारखी, खाली कणभरही नाही. गावानं असा श्वास सोडला जसा काही बैलांच्या शर्यतीचा निकाल लागला.

"आता तू," बुडी म्हणाली.

मी बाही वर केली. मेश्रामबाई जवळ आल्या. इतक्या फेऱ्यांत बाईंचा हात इतका जवळून मी कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, एक मिनिट, सायकलची हवा पाहून येतो. बुडीनं माझं मनगट धरलं. सुईण होती ती, तिच्या पकडीतून कोणी सुटत नाही. सुई दंडाला लागली ते मला आठवतं. त्यापुढचं लोकांनी सांगितलं.

डोळे उघडले तेव्हा मी पारावर आडवा होतो, बुडी सुपानं वारा घालत होती, आणि वर कडुनिंबाऐवजी पोट्ट्यांची डोकी होती. एकानं विचारलं, मेला काय? बुडी म्हणाली, "गोठला. हलवून पाहा रे, गाळ बसला काय."

त्या हसण्यातच रांग लागली. ज्यांना आधी टोचलं ते सगळे आले, आणि पहिल्या वेळी न आलेली तीन घरंही आली. पोट्टे एकमेकांना सांगत होते, कुल्फीवाल्यासारखं पडाचं नाई. एकही पडलं नाही. वच्छला सगळ्यात पुढे होती. या वेळी तिनं डोळे उघडे ठेवले. महिन्यानं तिला दुसरी सुई दिली तेव्हा काळ्या मातीनं चाकं जाम झाली होती आणि पेटी मी डोक्यावर घेऊन गेलो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोरं लाकडी नंदी घेऊन निघाली होती तेव्हा, वच्छलेला मुलगी झाली. मेश्रामबाईंनी उकळलेल्या पात्यानं नाळ कापली आणि बुडीनं शेजारी बसून ते पाहिलं. मी दिवस मोजायला लागलो. सातव्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी मी काही काम नसताना खैरझरीला गेलो. घराशी जायची हिंमत झाली नाही. बाभळीखाली सायकल लावली आणि हवा पाहू लागलो.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून असं रडणं उठलं की कुंपणावरची साळुंकी उडाली. खणखणीत, लांब, श्वास घेऊन पुन्हा. बुडी दारात आली, तिला मी कधीचाच दिसलो होतो.

"ऐकू येऊन राह्यलं काय गा?"

"येऊन राह्यलं, माय."

"सकायपासून हेच. भुकेजली की गाव डोक्यावर घेते," ती म्हणाली आणि आत गेली. मी तिथंच चाकाजवळ बसून राहिलो. तसलं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही, आणि माझ्या स्वतःच्या नातवंडांना धरून सांगतो.

एक रुखरुख आहे, ती लिहून टाकतो. मीठ मी त्या एकाच दिवशी टाकलं. पण त्याआधीच्या उन्हाळ्यांत, जुन्या पेटीत, बर्फाला चिकटून किंवा बर्फाविना किती बाटल्या मेल्या असतील ते मला माहीत नाही. तेव्हा हलवून कोणी पाहत नव्हतं. पुढची सगळी वर्षं मी प्रत्येक गावात बाटली हलवून पारावर ठेवायचो, कोणी विचारो न विचारो. मेश्रामबाई म्हणायच्या, भाऊ, उशीर होते. मी म्हणायचो, होऊ द्या.

बुडी त्या सालापासून पुन्हा बाळंतपणांना जाऊ लागली, उकळलेलं पातं घेऊन आणि पोटुशा बायांची नावं मेश्रामबाईंना आधी कळवून. आमच्या केंद्रात तिच्याइतकं चोख काम पगारी माणसानं केलं नाही, मी धरून.

वच्छलेच्या लेकीच्या बाराव्या दिवशीच्या बारशाचं बोलावणं आलं, आणि निरोप होता की मटका घेऊन येजो. पालथा मटका मी उलटला, साचे घासले, हिंगणघाटहून लादी मागवली. बाया पाळण्याशी गात होत्या, मी अंगणात बर्फ फोडत होतो. बुडी आली, माझ्यापाशी उकिडवी बसली आणि मटक्यात डोकावली.

"मीठ टाकलं?"

"टाकलं, माय. दोन मुठी."

"इथं टाकाचं," ती म्हणाली. "ध्यानात ठेव."